कडेवरचे मूल

मराठी साहित्याने मूल वाढविण्याचा प्रश्न आजवर संस्कारांचा मानला. तो श्रमाचाही प्रश्न आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. संस्कार कोण करते याचे उत्तर आमच्या पुस्तकांत ठरलेले असते : आई. परंतु आई दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबत असेल तर त्या दिवसभरात मूल कोणाजवळ असते, असा साधा प्रश्न प्रस्थापित साहित्याला पडला नाही. पडण्याचे कारणही नव्हते. ज्यांच्या घरातील बाई घरात होती, त्यांनी ते साहित्य लिहिले. पण माझी तक्रार एवढ्यावर संपत नाही. ज्यांच्या घरातील बाई घरात नव्हती, त्या आम्हीही हा प्रश्न पुरतेपणी विचारलेला नाही. आणि साहित्याने जे घर उभे केले, तेच घर पुढे सरकारच्या योजनांत येऊन बसले. म्हणून हा लेख पुस्तकांविषयी आहे आणि अंगणवाडीविषयीही आहे. दोन्हींना मी एकच कसोटी लावणार आहे : मूल कोणाच्या कडेवर आहे?

आंबवडे हे नाव घेतले की दलित वाचकाचे मन मंडणगडाकडे जाते. बाबासाहेबांच्या पूर्वजांचे गाव ते, आंबडवे. जुन्या लिखाणातून त्याचा उल्लेख आंबवडे असाही होत आला आहे. मी म्हणते ते आंबवडे पुणे जिल्ह्यातले, भोर तालुक्यातले, भोरहून मांढरदेवीकडे जाणाऱ्या वाटेवरचे. तिथे कान्होजी जेध्यांची समाधी आहे, नागेश्वराचे देऊळ आहे, झुलता पूल आहे. पाहुणे येतात, या तीन गोष्टी पाहतात आणि जातात. १९४८ साली भोर संस्थान विलीन होईपर्यंत हा मुलूख पंतसचिवांचा. त्यामुळे इथला इतिहास वाचायला मिळतो तो देशमुखांचा आणि सचिवांचा. गावकुसाबाहेर मुले कशी वाढली, कोणी वाढविली, किती जगली, याचे बखरकार झाले नाहीत.

या डोंगरपट्ट्यात पाऊस धरला की भाताची लावणी सुरू होते. वाकलेल्या बायांची रांग चिखलात, बांधावर इरल्याखाली मूल, आणि मुलाजवळ सात-आठ वर्षांची पोर. आई मुलाला अंगावर पाजून पुन्हा चिखलात उतरते. उरलेला दिवस त्या पोरीचा. मूल रडले तर तिने खेळवायचे, घाण केली तर तिने धुवायचे, बांधावरून घसरले तर मार तिने खायचा. माझे बालपण याच पट्ट्यातले आणि मी ती पोर होते. माझी दोन भावंडे माझ्या कडेवरून उतरून चालायला लागली. ज्या वर्षी लावणी लांबे, त्या वर्षी माझी गैरहजेरीही लांबे. हजेरीपटावर तिचे कारण ‘पालकांची अनास्था’ असे पडले. गुरुजींच्या दृष्टीने मी शाळा बुडवीत होते. खरे तर मी कामावर होते. या कामाला मजुरी नव्हती, सुट्टी नव्हती आणि नावही नव्हते. नाव नसलेले काम साहित्यात येत नाही आणि अंदाजपत्रकातही येत नाही.

या दृष्टीने ‘श्यामची आई’ पुन्हा वाचावी. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. दलितांसाठी पंढरपूरचे मंदिर उघडावे म्हणून ज्याने १९४७ साली प्राण पणाला लावले, त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. प्रश्न हेतूचा नाही, पुस्तकाने मराठी मनावर कोरलेल्या आईच्या प्रतिमेचा आहे. ती आई गरीब आहे, कर्जाने गांजलेली आहे, पुढे तिला दळणकांडण करावे लागते. तरीही मुलाच्या मनाला वळण लावायला तिच्यापाशी वेळ आहे, आणि मुलाला शिकवायचे असते ती जागा म्हणजे घर. याच पुस्तकात एक महार म्हातारी येते. तिची मोळी डोक्यावर उचलून द्यायला आई श्यामला पाठविते. श्यामवर भूतदयेचा संस्कार होतो. म्हातारी मोळी घेऊन जाते आणि पुस्तकातूनही जाते. तिच्या घरी कोण होते? ती लाकडे विकायला आली तेव्हा तिची नातवंडे कोणी सांभाळली? लेखकाने हे विचारावे अशी माझी अपेक्षा नाही. पण त्यानंतर हे पुस्तक साऱ्या महाराष्ट्राला मातृत्वाची कसोटी म्हणून दिले गेले, आणि त्या कसोटीवर मोळीवाली बाई नापास ठरली. मुलांना टाकून दिवसभर हिंडणारी, संस्कार न करणारी, ‘अनास्था’ असणारी. माझ्या हजेरीपटावरचा शेरा त्याच कसोटीतून उतरला होता.

आता आमच्या साहित्याकडे येते. दलित स्त्रीच्या लेखणीचा पहिला ज्ञात आविष्कार म्हणजे मुक्ता साळवेचा निबंध. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले आणि ते १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आले. त्या निबंधातील धर्मचिकित्सेची चर्चा आपण वारंवार करतो. ती करायलाच हवी. परंतु त्याच निबंधात ती लिहिते की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडीपावसात त्या काय सोसतात याचा विचार करा. याची चर्चा आपण का करीत नाही? बाळंतिणीला छप्पर हवे, ही या देशातील दलित स्त्रीची पहिली लेखी मागणी आहे. कुटुंबकल्याण हा शब्द जन्माला येण्याच्या शंभर वर्षे आधी एका शाळकरी मुलीने कुटुंबकल्याणाचा मसुदा मांडला होता. आमच्या समीक्षेने तो वेदनेच्या खात्यात टाकला आणि पुढचे पान उलटले.

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. बेबीताईंचे आजोळ वीरगाव, पुरंदर तालुक्यातले, म्हणजे भोरच्या शेजारचे. त्यांनी लिहिलेला महारवाडा मला परका वाटत नाही. कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुली, त्यांची पहिली बाळंतपणे, अडलेल्या बाईभोवती जमलेल्या अडाणी पण जीव तोडणाऱ्या बाया, आणि बाळंतिणीच्या पोटातली आग. बाळंत होऊनही खायला नाही म्हणून पोट आवळून पडलेली आई या पुस्तकात दिसते. समीक्षकांनी याला दाहक वास्तव म्हटले. शब्द बरोबर आहे, पण तो पुरा नाही. बेबीताई एक व्यवस्था दाखवीत आहेत. दूध यायला आईला अन्न लागते, अन्नाला मजुरी लागते, मजुरीला मूल टाकून जावे लागते. या चक्रात सासू आहे, शेजारीण आहे, थोरली पोर आहे. पुरुष कुठे आहे? बेबीताईंनी त्याला मोकळे सोडलेले नाही. बाहेर गुलाम असलेला पुरुष घरात मालक कसा होतो, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. आपल्या चळवळीतील अनेकांना ते रुचले नाही. मला वाटते, त्यांच्या पुस्तकाचे सामर्थ्य तिथेच आहे.

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मधील (२००३) आई बांबूच्या कामट्या विणत बसलेली असते. ती घरात आहे, पण तिचे हात मोकळे नाहीत. घरात असणे आणि मुलासाठी मोकळे असणे यांतला फरक या पुस्तकाने मला प्रथम समजावला. सरकारी कागदावर अशा बाईपुढे ‘घरकाम’ असे लिहिले जाते, आणि तिला मदतीची गरज नाही असे गृहीत धरले जाते.

पुरुषांच्या आत्मकथनांत चित्र वेगळे आहे. तिथे आई भरभरून येते. ‘बलुतं’पासून (१९७८) पुढे आमच्या लेखकांनी आईच्या कष्टांवर जे लिहिले त्याने मराठी साहित्याचे डोळे उघडले, हे निर्विवाद. पण मला एक गोष्ट सलते. आईचा गौरव करताना ही आत्मकथने थोरल्या बहिणीला ओझरती भेटतात. ज्या मुलाने पुढे शाळा गाठली, पदवी घेतली, आत्मकथन लिहिले, त्याला कोणी तरी कडेवर घेतले होते. बहुधा ती त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती. तिची शाळा त्याच्या शाळेत जिरली. आईचा त्याग सांगण्यात एक सोय आहे. त्याग म्हटले की हिशोब मागता येत नाही. बहिणीच्या बाबतीत तसे म्हणता येणार नाही. ती मूल होती आणि तिचेही शिकण्याचे वय होते. तिचा उल्लेख आला तर हिशोब येतो, म्हणून ती टळते. मी हे आरोप म्हणून लिहीत नाही, वाचनातला निष्कर्ष म्हणून लिहिते.

याला एक लक्षणीय अपवाद आहे आणि तो दुसऱ्या बाजूने आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) मुलाला वाढविणारी दोन माणसे म्हणजे आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारे दादा, महमूद दस्तगीर. जात वेगळी, धर्म वेगळा, रक्ताचे नाते नाही. हमाली करणारा हा माणूस दुसऱ्याच्या नातवाला माया देतो. मराठी साहित्यात मूल सांभाळणारा पुरुष शोधायला निघाले तर तो वाड्यात सापडत नाही, तो या खोपटात सापडतो. आणि याच पुस्तकात बापाचे नाव काय, या प्रश्नाने मुलाला आयुष्यभर टोचले आहे. संतामाय आणि दादा यांचे घर कोणत्याही सरकारी रकान्यात बसत नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव लिहिणे आवश्यक केले. हे स्वागतार्ह आहे. पण ‘अक्करमाशी’चा प्रश्न त्याहून खोल जातो : मुलाचे कुटुंब कोणते? ज्याने नाव दिले ते, की ज्याने घास दिला ते?

आता पुस्तकाबाहेर येऊ. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घातला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. गिजुभाई बधेकांसह ताराबाईंनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंचा संसार मोडलेला, अनुताई बालविधवा. ज्या दोघींनी मराठी मुलांच्या पहिल्या सहा वर्षांचा विचार केला, त्या दोघीही साहित्यातील आदर्श घराच्या बाहेर उभ्या होत्या. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. घराबाहेर उभे राहिल्याशिवाय घरातले श्रम दिसत नाहीत.

बोर्डीच्या केंद्रात गरीब वस्तीतील मुले येईनात. तेव्हा मुलांना दोष देण्याऐवजी शिक्षिकाच वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. माँटेसोरीची महागडी साधने परवडेनात, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांची साधने झाली. ढोरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा कुरणावर शाळा गेली. तिला त्यांनी कुरणशाळा म्हटले. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विकासवाडी. थोरली मुलगी शाळेत येते तेव्हा तिच्या कडेवर लहानगे असते, हे या बायांनी पाहिले. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणल्या. मुलगी येईल, कडेवरचे पाळणाघरात ठेवील, मधले बालवाडीत बसवील आणि स्वतः वर्गात जाईल. या रचनेत कसलेही भव्य तत्त्वज्ञान नाही. एका पोरीच्या कमरेवरचे ओझे उतरविण्याची ती युक्ती आहे. मराठीत बालशिक्षणावर जे काही झाले त्यात मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्राला नाव दिले अंगणवाडी. नाव आणले, पाळणाघर मागेच राहिले. योजनेत सहा सेवा आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. प्रत्येक सेवा मोलाची आहे. या योजनेने हजारो पोरे जगविली असतील, हे मी नाकारणार नाही. पण तीन ते सहा वर्षांची मुले दिवसातले काही तासच तिथे असतात, आणि तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्याला घरी नेण्याचा आहार येतो. लावणीला सकाळी गेलेली बाई दिवेलागणीला परतते. मधल्या वेळेचे काय? योजना गृहीत धरते की घरी कोणी तरी आहे. हे ‘कोणी तरी’ म्हणजे श्यामची आई. प्रत्यक्षात तिच्या जागी ती आठ वर्षांची पोर आहे. बारा महिन्यांच्या मुलाचा आहार पाकिटातून घरी जातो आणि ते पाकीट फोडून कालवून भरविणारी त्या दिवशी शाळेत गेलेली नसते.

मग पाळणाघराचा विचार कायद्याने केलाच नाही काय? केला, पण कोणासाठी? १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले, १९७६ साली तो आकडा ३० वर आला. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर आले. बांधावरची बाई यांपैकी कशातच नाही, कारण तिचा मालक दर आठवड्याला बदलतो. तिच्या जवळ पोहोचलेला कायदा एकच, रोजगार हमीचा. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात तरतूद केली गेली की कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर मजूर स्त्रियांपैकी एकीला मुले सांभाळायला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. या साध्या वाक्यात एक क्रांतिकारक कबुली आहे. माती खोदणे आणि मूल सांभाळणे यांची मजुरी सारखी! खणतीच्या कामावर राज्याने जे कबूल केले ते अंगणवाडीत कबूल केले नाही.

तिथली भाषाच पाहा. ‘सेविका’, ‘मदतनीस’, ‘मानधन’. शब्दांची समीक्षा हे आमचे काम आहे, म्हणून थांबून विचारते. जो झाडतो, शिजवितो, शिकवितो, वजन करतो, नोंदवह्या भरतो, तो कर्मचारी का नव्हे? गावगाड्याने आमच्या श्रमाला बलुते म्हटले आणि मजुरीतून सुटका करून घेतली. राज्याने बायांच्या श्रमाला सेवा म्हटले आणि तेच केले. योजना सुरू झाली तेव्हा मॅट्रिक सेविकेला महिना १५० रुपये, बिगरमॅट्रिकला १०० आणि मदतनिसाला ३५ रुपये होते. २०१८ साली केंद्राने मानधन वाढविले तेव्हा सेविकेचे ४,५०० आणि मदतनिसाचे २,२५० झाले. राज्य त्यात आपली भर घालते, पण तीही संप केल्यावर. २०१७ च्या सप्टेंबरात आणि २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सेविका संपावर गेल्या होत्या. सेविकांचे पद नागरी सेवेतील पद नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटले. त्याच न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांना उपदानाचा हक्क आहे असा निर्णय दिला आणि त्यांच्या कामाला अर्धवेळ म्हणणे मान्य केले नाही. शब्द बदलायला अर्धशतक लागते ते असे.

अंगणवाडी कोणत्या अंगणात भरते हाही प्रश्न आहेच. ताराबाई वस्तीत गेल्या. सरकारी अंगणवाडी पुष्कळदा गावठाणात राहिली. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्या अंगणवाड्या उघडताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्या, असा आदेश दिला. त्याआधी एप्रिल २००४ मध्ये शाळेतील दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकी-मदतनिसांच्या नेमणुकीत दलितांना प्राधान्य द्या, असे सांगितले होते. असे आदेश द्यावे लागतात, याचा अर्थ वाचकाला मी सांगायला नको. चार वर्षांच्या मुलाला जातीची पहिली ओळख ताटातून होते. बालशिक्षणावरील मराठी पुस्तकांत रंगांची ओळख, आकारांची ओळख, अवयवांची ओळख यांवर प्रकरणे असतात. या ओळखीवर प्रकरण नसते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कसा पाहिला? मुंबई कायदेमंडळात १९२८ साली प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी भूमिका घेतली की बाळंतपणात आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार तिच्या एकटीवर टाकता येणार नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. ठराव फेटाळला गेला. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका, अधिक मुले होऊ देऊ नका, असे सांगितले. हे सगळे स्त्रीच्या शरीरावरचे ओझे हलके करण्यासाठी होते. महाराष्ट्राने पुढे दोन मुलांचा नियम आणला : १२ सप्टेंबर २००१ नंतर दोहोंपेक्षा अधिक अपत्ये झालेल्यांना पंचायतीची निवडणूक बंद, २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीही बंद. दोन्ही गोष्टींना ‘छोटे कुटुंब’ असे एकच नाव आहे, पण दोहोंची दिशा उलटी आहे. १९३८ ची मागणी बाईला साधन द्या म्हणत होती. नंतरचा नियम बाईला शिक्षा देतो, आणि आरक्षणाने नुकत्याच पंचायतीत पोहोचलेल्या बाईला तर दुहेरी. किती मुले व्हावीत हे ठरविणे तिच्या हाती होते काय, हे कोणी विचारत नाही.

घटनेचा मुद्दा याहून मूलभूत आहे. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे कलम केवळ प्राथमिक शिक्षणापुरते ठेवावे अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद असा की चौदा वर्षांखालील मुलाला कामावर लावण्यास आपण मनाई करतो, मग त्या वयाचे मूल कुठे तरी शिक्षणसंस्थेत असले पाहिजे. पोर एक तर कामावर आहे किंवा शाळेत, तिसरी जागा नाही, हे त्यांनी अचूक ओळखले होते. म्हणून मूळ ४५ वे कलम चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांविषयी बोलत होते. त्यात सहा वर्षांखालील मुले वगळलेली नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्य ‘प्रयत्न’ करील एवढेच ठेवले. थोरलीला हक्क मिळाला, पण तिच्या कडेवरच्याला प्रयत्न मिळाला. कडेवरचे खाली ठेवायला जागा नसेल तर थोरलीचा हक्क कागदावर राहतो. एकाच घरातील दोन मुलांची अशी फाळणी करणाऱ्यांनी त्या घराचा उंबरठा पाहिला नव्हता, एवढेच म्हणता येईल.

शेवटी पुरुष. राज्याच्या २०१८ च्या एका निर्णयाने सरकारी नोकरीतील स्त्रियांना मुलांच्या संगोपनासाठी १८० दिवसांची रजा दिली. पुरुषालाही दिली, पण केव्हा? पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. म्हणजे बाप हा आईच्या मरणानंतरच पालक होतो! अंगणवाडीची पदे स्त्रियांसाठीच आहेत. गरीब बाईच्या हाती चार पैसे देणारी ती पदे काढून घ्या असे मी म्हणणार नाही. पण मूल सांभाळणे हे बाईचेच काम, ही मनुस्मृतीला शोभणारी समजूत समाजवादी नावाखाली योजनेत शिरली आहे, हे म्हटलेच पाहिजे. त्या कामाला पुरा पगार द्या. मग पाहा, ते करायला पुरुष येतात की नाही. चळवळीतील आपल्या बांधवांना मला एवढेच सांगायचे आहे : तुम्ही सभेला गेलात तेव्हा घरी मूल कोणाजवळ होते, ते एकदा लिहा.

मागण्या अवघड नाहीत. लावणी-काढणीच्या दिवसांत अंगणवाडी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उघडी हवी आणि तीत तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणे हवेत. केंद्राने २०२२ पासून पाळणा नावाने योजना मांडली आहे. ती शहरात अडकू न देता आंबवड्यासारख्या गावांच्या वाड्यावस्त्यांपर्यंत यायला हवी. सेविकेला वेतन हवे. आणि अंगणवाडी यशस्वी झाली की नाही हे केवळ मुलांच्या वजनावरून न ठरविता, त्या मुलांच्या थोरल्या बहिणींच्या हजेरीवरूनही ठरवावे. दुसरी मागणी आपल्या लेखकांकडे आहे. दलित साहित्याने माणसाला केंद्रस्थानी आणले असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या केंद्रात अजून एक सात-आठ वर्षांची पोर यायची राहिली आहे. तिच्यावर कविता नको. तिच्या दिवसाचे तास मोजून लिहा.